द्रोणावरील हवेचा रोध : स्प्रेडशीटमधील आलेखाचा चढ ०.५ ऐवजी ०.४५ का येतो?

करवीर_भौतिकी (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार.

मी कोल्हापुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. बारावीच्या काही विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी पडणाऱ्या वस्तूवरील हवेचा रोध मोजण्याचे काम हाती घेतले आहे. रोध वेगाच्या प्रमाणात वाढतो की वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, याचे उत्तर पुस्तकातून न उचलता त्यांनी स्वतःच्या मोजमापांतून काढावे, अशी माझी इच्छा आहे.

वस्तू म्हणून आम्ही कागदी द्रोण निवडला. लक्ष्मीपुरीच्या बाजारातून आणलेले एकाच गठ्ठ्यातील द्रोण आकाराने सारखे असतात आणि एकात एक घट्ट बसतात. त्यामुळे वस्तुमान दुप्पट किंवा चौपट करता येते आणि हवेला सामोरा जाणारा आकार मात्र तोच राहतो. द्रोणाच्या तोंडाचा व्यास १२ सेंमी आहे. एकट्या द्रोणाचे वजन आमच्या तराजूवर नीट कळत नव्हते, म्हणून संपूर्ण थप्पी गुजरीतील एका सराफाच्या काट्यावर तोलून भागाकार केला, तेव्हा एका द्रोणाचे वस्तुमान २.० ग्रॅम आले. खोलीतील पंखे आणि खिडक्या बंद ठेवून, तळ खालच्या बाजूला धरून, द्रोण अडीच मीटर उंचीवरून सोडला. फोनवर सेकंदाला १२० फ्रेम या गतीने चित्रण केले, प्रत्येक फ्रेममधील द्रोणाची जागा ट्रॅकर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टिपली आणि ते आकडे लिबरऑफिस कॅल्कमध्ये घेतले. शेवटच्या अर्ध्या मीटरमधील सरासरी वेग हाच अंतिम वेग मानला. आकडे असे आहेत :

१ द्रोण : १.८५ मीटर प्रति सेकंद
२ द्रोण : २.६६ मीटर प्रति सेकंद
४ द्रोण : ३.६२ मीटर प्रति सेकंद
८ द्रोण : ४.७३ मीटर प्रति सेकंद

अंतिम वेगाला वजन आणि रोध समान असतात. म्हणून रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असेल, तर संख्येच्या लॉगसमोर वेगाचा लॉग मांडल्यावर रेषेचा चढ ०.५ यायला हवा आणि रोध वेगाच्या प्रमाणात असेल तर १ यायला हवा. आमचा चढ ०.४५ आला असून ट्रेंडलाइनचा आर-वर्ग ०.९९५ आहे. बिंदू रेषेवर इतके छान बसल्यामुळे विद्यार्थी म्हणतात की रोध वेगाच्या २.२ व्या घाताच्या प्रमाणात आहे असेच लिहावे. मला ते पटत नाही, पण नेमके कारणही हाती लागत नाही. दुसरी अडचण अशी की अंतरावरून वेग आणि वेगावरून त्वरण काढून त्याचा आलेख काढला, तर नुसते विखुरलेले ठिपके दिसतात. तिसरा प्रश्न हवेच्या घनतेचा आहे : पुस्तकातील १.२२५ किलोग्रॅम प्रति घनमीटर ही किंमत कोल्हापुरात वापरावी काय?

पंचगंगा_काठ

सर, मी बारावीची विद्यार्थिनी आहे. द्रवांच्या धड्यात स्टोक्सचा नियम आहे आणि त्यात रोध वेगाच्या प्रमाणात असतो. अंतिम वेगाचे सूत्रही त्यावरूनच काढलेले आहे. मग येथे चढ १ च्या जवळपास का येत नाही? तो नियम हवेला लागू होत नाही काय?

लंबक

पंचगंगा_काठ, नियम हवेलाही लागू होतो, मात्र फार लहान आणि फार सावकाश पडणाऱ्या वस्तूंना. वेग गुणिले व्यास, भागिले हवेची गतिक श्यानता (चिकटपणा भागिले घनता), या संख्येला रेनॉल्ड्स अंक म्हणतात. तो एकापेक्षा बराच कमी असेल तेव्हा हवा वस्तूभोवती शांतपणे वळसा घेऊन पुन्हा जुळते आणि रोध हवेच्या चिकटपणातून येतो. १८५१ साली स्टोक्सने मांडलेले सूत्र त्या परिस्थितीचे आहे. धुक्यातील ०.०२ मिमी व्यासाचा थेंब सेकंदाला साधारण १.२ सेंमी या वेगाने उतरतो आणि त्याचा रेनॉल्ड्स अंक सुमारे ०.०१ असतो, म्हणून त्याला स्टोक्सचा नियम चोख लागू पडतो. सरांच्या द्रोणासाठी हाच अंक १.८५ गुणिले ०.१२ भागिले ०.०००‍०१७, म्हणजे सुमारे १३,००० येतो. तेथे हवा द्रोणामागे जुळत नाही, भोवरे करीत मागे राहते, आणि समोरची हवा बाजूला ढकलण्यातच बहुतेक सगळा रोध खर्च होतो. दर सेकंदाला समोर येणारी हवा वेगाच्या प्रमाणात असते आणि तिला दिलेला वेगही वेगाच्याच प्रमाणात असतो, म्हणून गुणाकारात वर्ग येतो.

न्यूटननेही हीच गोष्ट पाडून पाहिली होती. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या घुमटाखाली १७१० साली काचेचे पोकळ गोळे सोडण्यात आले आणि १७१९ साली डेसाग्युलिये यांनी तेथेच डुकरांची फुगवलेली मूत्राशये सोडली. वर्गाच्या नियमानुसार काढलेला वेळ आणि मोजलेला वेळ यांची तुलना न्यूटनच्या प्रिन्सिपिया या ग्रंथाच्या पुढील आवृत्त्यांत दिलेली आहे.

आता सरांच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. मी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत बरीच वर्षे मापन विभागात काम केले असल्यामुळे सवयीने आधी खोलीची उंची पाहिली. माझ्या मते तुमच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन अंतिम वेगाचे आहेत, तिसरा जेमतेम आहे आणि चौथा अंतिम वेगाचा नाहीच.

रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात मानला, तर स्थिर अवस्थेतून सोडलेल्या वस्तूचा वेग पडलेल्या अंतरावर असा अवलंबून असतो :

वेगाचा वर्ग = अंतिम वेगाचा वर्ग × [१ − एक्स्प(−२ × गुरुत्वत्वरण × अंतर ÷ अंतिम वेगाचा वर्ग)]

यावरून अंतिम वेगाच्या ९९ टक्क्यांपर्यंत पोहोचण्यासाठी लागणारे अंतर म्हणजे अंतिम वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरण, याच्या १.९६ पट असते. एका द्रोणासाठी १.८५ चा वर्ग ३.४२, भागिले ९.७८, म्हणजे ०.३५ मीटर, आणि त्याची १.९६ पट सुमारे ७० सेंमी. (कोल्हापूर १६.७ अंश अक्षांशावर असल्यामुळे येथे गुरुत्वत्वरण ९.७८ घ्यावे. ९.८१ ही किंमत युरोपच्या अक्षांशांची आहे.) अंतिम वेगाचा वर्ग द्रोणांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो, म्हणून हे अंतरही त्याच प्रमाणात वाढते : दोन द्रोणांना १.४ मीटर, चारांना पावणेतीन मीटर, आठांना साडेपाच मीटर. तुमच्याकडे फक्त अडीच मीटर आहेत. आठ द्रोणांची थप्पी जमिनीला लागते तेव्हा तिचा वेग अजून वाढतच असतो.

केवळ एका द्रोणाचा १.८५ हा आकडा घ्या, बाकीचे तीन झाकून ठेवा, आणि वरील सूत्रात अंतर २.२५ मीटर, म्हणजे शेवटच्या अर्ध्या मीटरचा मध्य, घालून वेग काढा. दोन द्रोणांना २.६१, चारांना ३.६२ आणि आठांना ४.६८ मीटर प्रति सेकंद मिळतात. तुम्ही मोजलेले २.६६, ३.६२ आणि ४.७३ आहेत. सगळे फरक दोन टक्क्यांच्या आत आहेत. आता या सूत्राने काढलेल्या चार आकड्यांचाच लॉग-लॉग आलेख काढून पाहिला, तर त्याचाही चढ ०.४५ येतो. म्हणजे अगदी शुद्ध वर्गाचा नियम तुमच्या खोलीत ०.४५ हाच चढ देतो. २.२ हा घातांक हवेचा गुण नसून खोलीच्या उंचीचा परिणाम आहे.

आकडेमोड

लंबक यांचे विवेचन वाचल्यावर मीही सरांचे आकडे कॅल्कमध्ये घालून पाहिले. १, २ आणि ४ या तीनच बिंदूंची रेषा काढली तर चढ ०.४८ होतो. एकेक जड थप्पी वगळत गेल्यावर चढ ०.५ कडे सरकतो, हीच खूण पुरेशी बोलकी आहे. चूक केवळ यादृच्छिक असती, तर बिंदू वगळल्यावर चढ कधी वर गेला असता, कधी खाली.

मी संख्याशास्त्राचा विद्यार्थी आहे, म्हणून आर-वर्गाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण प्रकल्पांच्या वह्यांमध्ये या एका आकड्यावर फार मोठा भार टाकलेला दिसतो. आर-वर्ग एवढेच सांगतो की वेगांमधील एकूण चढ-उतारापैकी किती भाग रेषेने व्यापला. वेग १.८५ पासून ४.७३ पर्यंत वाढत असताना जवळपास कोणतीही चढती रेषा त्यातला बहुतेक भाग व्यापणारच. रेषा योग्य आहे की नाही हे पाहण्यासाठी प्रत्येक बिंदूतून रेषेची किंमत वजा करून उरलेल्या फरकांचा वेगळा आलेख काढावा लागतो. तुमच्या आकड्यांत पहिला आणि शेवटचा बिंदू रेषेच्या खाली आहे आणि मधले दोन्ही वर आहेत. चारच बिंदूंवरून छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण बिंदूंची अशी कमान म्हणजे वक्रावर सरळ रेषा बसवली जात असल्याचे लक्षण होय. तीन आणि सहा द्रोणांचीही मोजमापे घेतलीत तर कमान स्पष्ट होईल.

येथे एक तांत्रिक सूचना करतो. आलेखाचा प्रकार ‘एक्स-वाय स्कॅटर’ असावा. ‘लाइन’ प्रकार निवडला तर १, २, ४, ८ ही मूल्ये आडव्या अक्षावर समान अंतरावर मांडली जातात आणि चढाला काही अर्थ उरत नाही. तुमचा चढ पाहता तुम्ही स्कॅटरच वापरला असणार, परंतु हा धागा इतर शिक्षकही वाचतील, म्हणून नमूद केले.

त्वरणाच्या आलेखात विखुरलेले ठिपके का दिसतात, याचे उत्तर आकड्यांतच आहे. फ्रेमवर माउसने बिंदू टिपताना २ मिमी इतकी अनिश्चितता धरू, कारण द्रोणाची कड चित्रात किंचित पुसट असते. लागोपाठच्या तीन फ्रेममधून त्वरण काढायचे, तर पहिल्या आणि तिसऱ्या अंतराच्या बेरजेतून दुसऱ्याची दुप्पट वजा करून कालांतराच्या वर्गाने भागावे लागते. तेव्हा अनिश्चितता २ मिमीच्या सुमारे २.४५ पट होते आणि शिवाय कालांतराच्या वर्गाने भागली जाते. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर ती ४.४ मीटर प्रति सेकंद वर्ग येते, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या जवळपास निम्मी. सेकंदाला १२० फ्रेम असतील तर तीच सुमारे ७० होते, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या सात पट. फोन जितका वेगवान, तितका हा आलेख बिघडत जातो. विद्यार्थ्यांना हे उलटे वाटते, पण कालांतर लहान झाले की दोन फ्रेममधील अंतरही लहान होते आणि टिपण्यातली अनिश्चितता मात्र तेवढीच राहते.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की मोजलेल्या अंतरांचे दोनदा विकलन करू नये. उलट दिशेने जावे : नियम गृहीत धरून अंतर काय असायला हवे ते स्प्रेडशीटमध्ये काढावे आणि त्याची मोजलेल्या अंतराशी थेट तुलना करावी. मोजले ते अंतर, तेव्हा तुलनाही अंतराचीच असावी.

मांडणी साधी आहे. पहिल्या स्तंभात सोडल्यापासूनचा वेळ, दुसऱ्यात मोजलेले अंतर, तिसऱ्यात सूत्राने काढलेले अंतर आणि चौथ्यात दोहोंच्या फरकाचा वर्ग ठेवावा. तिसऱ्या स्तंभाचे सूत्र असे : अंतिम वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरण, गुणिले लॉग(कॉश(गुरुत्वत्वरण गुणिले वेळ भागिले अंतिम वेग)). येथे लॉग हा नैसर्गिक असावा आणि कॉश म्हणजे हायपरबोलिक कोसाइन हे फलन. अंतिम वेगाची किंमत एकाच वेगळ्या सेलमध्ये लिहावी आणि सूत्रात त्या सेलचा उल्लेख डॉलर चिन्हांनी पक्का करावा, नाही तर सूत्र खाली ओढताना उल्लेखही खाली घसरतो. चौथ्या स्तंभाची बेरीज कमीत कमी करणारी अंतिम वेगाची किंमत हेच आपले उत्तर.

ही किंमत सॉल्व्हर (स्प्रेडशीटमधील योग्य किंमत शोधणारे साधन) हाही शोधून देतो. कॅल्कमध्ये तो आहे, पण पर्यायांत अरेषीय पद्धत निवडावी लागते. एक्सेलमध्ये तो ॲड-इन म्हणून सुरू करावा लागतो. गूगल शीट्समध्ये तो अंगभूत नाही. तरीही मी विद्यार्थ्यांना प्रथम सॉल्व्हर वापरू देणार नाही. त्यांनी १.७० पासून २.०० पर्यंत ०.०१ च्या टप्प्याने किंमती भराव्यात, प्रत्येकीची बेरीज नोंदवावी आणि बेरजेचा आलेख काढावा. तो दरीसारखा दिसतो. दरीचा तळ हे उत्तर असते आणि दरी किती रुंद आहे यावरून उत्तर किती पक्के आहे हे डोळ्यांना दिसते. सॉल्व्हर केवळ तळ दाखवतो.

रंकाळा_वारा

द्रोणाऐवजी फुगा घेतला तर रोध जास्त मिळेल आणि अंतिम वेग लवकर गाठला जाईल, नाही का?

लंबक

लवकर गाठला जाईल हे खरे, पण फुग्यात प्लावक बल, म्हणजे हवा वस्तूला वर उचलते ते बल, मध्ये येते. २५ सेंमी व्यासाचा फुगा सुमारे ९ ग्रॅम हवा विस्थापित करतो आणि रबराचे वजन केवळ दोन-तीन ग्रॅम असते, त्यामुळे आतल्या दाबलेल्या हवेचाही हिशेब ठेवावा लागतो. कागदी द्रोणात प्लावक बल वजनाच्या ०.२ टक्क्यांहून कमी आहे आणि ते निर्धास्तपणे सोडून देता येते. वस्तुमान बदलून आकार तोच ठेवण्याची सोयही फुग्यात नाही. द्रोणच बरा.

करवीर_भौतिकी

लंबक आणि आकडेमोड यांचे मनःपूर्वक आभार. आपण दोघांनी दिलेल्या दिशेने विद्यार्थ्यांनी पुढचे काम केले, त्याचा वृत्तान्त देतो.

महाविद्यालयाच्या जिन्याच्या मधल्या पोकळीत साडेसहा मीटर सलग उंची मिळते. तेथे दारे बंद करून तीच मोजमापे पुन्हा घेतली. हलके द्रोण इतक्या उंचीवरून पडताना बाजूला वाहत जातात, कठड्याला लागतात, आणि असे प्रसंग वगळावे लागले. तरीही १, २, ३, ४, ६ आणि ८ या सहा बिंदूंचा चढ ०.४९ आला आणि उरलेल्या फरकांमध्ये कमान दिसत नाही. विद्यार्थ्यांनी जुना ०.४५ चढाचा आलेखही वहीत ठेवला आहे आणि त्याच्या शेजारी लंबक यांच्या सूत्राने काढलेली वक्ररेषा मांडली आहे. मला ती जोडी नव्या आलेखापेक्षाही मोलाची वाटते, कारण नियम कोठे लागू करायचा हे तीमध्ये दिसते.

आकडेमोड यांच्या पद्धतीने दरीचा आलेखही काढला. मात्र त्यात एक नवे कोडे निघाले. एका द्रोणाच्या बाबतीत सूत्राने काढलेले अंतर आणि मोजलेले अंतर यांचे आलेख शेवटी एकमेकांना समांतर जातात, पण एकावर एक येत नाहीत. मोजलेला द्रोण सूत्रातल्या द्रोणाच्या सुमारे ७ ते ८ सेंमी मागे राहतो. हा फरक पहिल्या अर्ध्या मीटरमध्येच निर्माण होतो आणि नंतर जवळजवळ स्थिर राहतो. सोडण्याचा क्षण टिपण्यात एका फ्रेमची गफलत झाली असे धरले, तरी तिच्यामुळे दीड सेंमीहून अधिक फरक पडू शकत नाही. 

लंबक

सर, हे वाचून मला फार आनंद झाला, कारण ही गोष्ट शालेय प्रयोगात सहसा कोणी पाहतच नाही.

द्रोण वेग घेऊ लागतो तेव्हा त्याच्यापुढची आणि त्याला लगटलेली हवाही त्याच्याबरोबर वेग घेते. त्या हवेला त्वरण देण्यासाठीही बल लागते. म्हणून त्वरणाच्या काळात द्रोण जणू अधिक वस्तुमानाचा असल्याप्रमाणे वागतो. वजन मात्र वाढत नाही, कारण ती हवा भोवतालच्या हवेतच तरंगत असते. रुंद बाजूने सरकणाऱ्या सपाट चकतीसाठी या हवेचे वस्तुमान म्हणजे हवेची घनता गुणिले त्रिज्येचा घन, याच्या ८/३ पट असते. ६ सेंमी त्रिज्येला ते ०.६३ ग्रॅम येते. दोन ग्रॅमच्या द्रोणाला ही ३२ टक्क्यांची भर झाली. त्यामुळे सुरुवातीचे त्वरण ९.७८ ऐवजी साधारण ७.४ असायला हवे.

अंतिम वेगावर याचा काहीही परिणाम होत नाही, कारण तेथे त्वरणच शून्य असते. म्हणूनच तुमचे आलेख शेवटी समांतर जातात. किती मागे राहायला हवे तेही काढता येते. मूळ सूत्रात वस्तू, ती सुरुवातीपासूनच अंतिम वेगाने पडली असती तर जेथे असती त्यापेक्षा, अंतिम वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरण, गुणिले ०.६९३, म्हणजे सुमारे २४ सेंमी मागे असते. हवेचे वस्तुमान धरले की हाच आकडा १.३२ पट होऊन ३२ सेंमी होतो. फरक ८ सेंमी, आणि तुम्हाला ७ ते ८ मिळाला आहे. द्रोण काही सपाट चकती नव्हे, तेव्हा इतक्या जुळणीला थोडी दैवाचीही साथ आहे असे मी म्हणेन. पण दिशा आणि आकारमान दोन्ही बरोबर आहेत. आठ द्रोणांना हीच भर केवळ ४ टक्क्यांची आहे, म्हणून तेथे सुरुवातीचे त्वरण फारसे कमी होत नाही.

आकडेमोड यांच्या स्तंभात बदल अगदी लहान आहे. वस्तुमान आणि वस्तुमान अधिक हवा यांचे गुणोत्तर एका नव्या सेलमध्ये ठेवावे, सूत्रात दोन्ही ठिकाणी गुरुत्वत्वरणाला त्याने गुणावे, आणि अंतिम वेग व हे गुणोत्तर अशा दोन किंमतींसाठी सॉल्व्हर चालवावा. येथे सॉल्व्हरशिवाय पर्याय नाही, कारण दरी आता दोन दिशांना पसरते.

हवेच्या घनतेचा प्रश्न मागे राहिला होता. १.२२५ ही किंमत समुद्रसपाटीची आणि १५ अंश सेल्सिअसची आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे, म्हणून येथील हवेचा दाब साधारण ९४९ हेक्टोपास्कल असतो. २८ अंश तापमान धरले तर कोरड्या हवेची घनता १.१० येते. पावसाळ्यातील दमट हवा आणखी एखाद टक्क्याने हलकी असते, कारण पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंहून हलका आहे. १.२२५ वापरली तर रोध-गुणांक (वस्तूचा आकार हवेला किती रोध करतो हे सांगणारा अंक) सरळ दहा टक्क्यांनी कमी निघेल.

रंकाळा_वारा

तसे असेल तर हाच प्रयोग पन्हाळ्यावर केला आणि कोल्हापूरशी तुलना केली तर उंचीचा परिणाम मोजता येईल काय? विद्यार्थ्यांची सहलही होईल.

आकडेमोड

कल्पना आकर्षक आहे, पण अनिश्चिततेचा हिशेब आधी करावा. पन्हाळा शहरापेक्षा सुमारे ४०० मीटर उंच आहे. तेवढ्याने दाब साडेचार टक्क्यांनी उतरतो. तेथील हवा दोन-तीन अंश थंड असते आणि थंड हवा दाट असल्याने त्यातला एखादा टक्का परत जातो. घनतेत उरतो साडेतीन टक्क्यांचा फरक. अंतिम वेग घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे वेगात तो पावणेदोन टक्के, म्हणजे १.८५ चे १.८८. तुमच्या एकेका मोजमापातला विखुरलेपणा दीड टक्क्याच्या आसपास आहे. दोन्ही ठिकाणी प्रत्येकी पन्नासेक मोजमापे घेऊन सरासरी काढली तर फरक दिसू शकेल, पण त्यासाठी तेच द्रोण, तोच फोन आणि बंद खोली हवी. पन्हाळ्याच्या तटावर वाऱ्यात हे होणार नाही.

पंचगंगा_काठ

माझा आणखी एक प्रश्न आहे. ट्रॅकरमध्ये लांबीचे माप म्हणून आम्ही भिंतीवर चिकटवलेली मीटरपट्टी वापरली तर चालते का? द्रोण भिंतीपासून फूटभर पुढे पडतो.

लंबक

चालत नाही, आणि हे विचारलेस ते फार चांगले केलेस. कॅमेरा द्रोणाच्या मार्गापासून ३ मीटरवर आणि भिंत ३.३ मीटरवर असेल, तर द्रोण भिंतीपेक्षा जवळ असल्यामुळे त्याची हालचाल १० टक्क्यांनी मोठी दिसते. सगळेच वेग १० टक्क्यांनी वाढतील. लॉग-लॉग आलेखाची रेषा संपूर्ण वर सरकेल आणि चढ मात्र तसाच राहील, म्हणून आलेखावरून ही गफलत कधीच लक्षात येणार नाही. पण रोध-गुणांकात वेगाचा वर्ग भागाकारात असल्यामुळे तो १७ टक्क्यांनी कमी निघेल. मीटरपट्टी द्रोण पडतो त्याच प्रतलात उभी धरून तिची एक फ्रेम चित्रित करावी आणि मग ती बाजूला करावी. कॅमेरा पडण्याच्या उंचीच्या मध्यावर आणि जमेल तितका लांब ठेवावा.

करवीर_भौतिकी

आमची पट्टी द्रोणाच्याच प्रतलात होती, हे चित्रण पुन्हा उघडून तपासले.

घनता १.१० आणि गुरुत्वत्वरण ९.७८ घेऊन रोध-गुणांक काढला. दोन गुणिले वजन, भागिले घनता, तोंडाचे क्षेत्रफळ आणि अंतिम वेगाचा वर्ग यांचा गुणाकार. क्षेत्रफळ ०.०११३ चौरस मीटर. कॅल्कने ०.९१९ आणि पुढे बरेच दशांश दाखवले. यातले किती अंक वहीत लिहावेत?

आकडेमोड

व्यासात १ मिमीची अनिश्चितता असेल तर क्षेत्रफळात ती १.७ टक्के होते. वेगात दीड टक्का, म्हणून त्याच्या वर्गात ३ टक्के. वस्तुमान आणि घनता यांचे एकेक टक्का. या चारही टक्केवारींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतले की पावणेचार टक्क्यांच्या जवळ येते. तेव्हा वहीत ०.९२ ± ०.०३ असे लिहावे. वेगाचा वाटा सर्वांत मोठा आहे, म्हणून सुधारणा करायचीच असेल तर ती तेथे करावी : अर्ध्या मीटरऐवजी वेग स्थिर झाल्यानंतरचे दीड-दोन मीटर घ्यावेत आणि सरासरीऐवजी स्लोप या फलनाने अंतर-वेळ रेषेचा चढ काढावा. जिन्यातल्या चित्रणात एका द्रोणासाठी तेवढी लांबी आताच उपलब्ध आहे, त्यासाठी नव्याने द्रोण सोडण्याचीही गरज नाही.